डे-लिलीचा ठोंब फोडताना

गच्चीवरच्या एका बारा इंची प्लास्टिकच्या कुंडीला उभी चीर गेली होती आणि चिरेतून पांढरी, जाड मुळं बाहेर आली होती. आत होती पाच वर्षं हात न लावलेली पिवळी डे-लिली. पूर्वी एका उन्हाळ्यात फुलांचे सात-आठ दांडे यायचे, त्या वर्षी दोनच आले आणि तेही बारके. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जुनी झाली गं, टाकून दे आता." टाकवेना. जानेवारीतल्या एका रविवारी कुंडी आडवी केली, ठोंब बाहेर काढून फोडला आणि एकाचे अकरा झाले. त्या अकरांपैकी तीन मी महिन्याभरात मारले. कापताना एकही गेला नव्हता, तिन्ही गेले ते लावण्यातल्या चुकीने.

नवख्यांना सुरीची भीती वाटते. पण हे झाड कापाकापी निमूट सोसतं. ते मरतं खोल पुरल्याने आणि सतत ओलं ठेवल्याने. पुढचं वाचताना एवढं डोक्यात असू द्या, म्हणजे बाकीचे बारकावे आपोआप जागेवर बसतील.

आधी खात्री करा, ही तीच आहे ना

आपल्याकडे लांब पानं आणि मोठं फूल दिसलं की ती लिली. पहिल्या सरींनंतर उमलणारी रेन लिली, मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी बॉल लिली, सोसायट्यांच्या कुंपणालगतची पांढरी स्पायडर लिली, नर्सरीत कुंडीत मिळणारी अमॅरिलिस, फुलवाल्याच्या गुच्छातली घमघमणारी ओरिएंटल लिली. या सगळ्या कांद्यापासून वाढतात. डे-लिलीला कांदा नसतो.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बुंध्याजवळची माती बोटाने जरा बाजूला करून बघणं. गोल कांदा लागला तर माती परत सारखी करा, इथली कापाकापी त्या झाडासाठी नाही. शतावरीच्या मुळांसारखी मांसल, बोटभर जाडीची मुळं दिसली आणि पानं पंख्यासारखी दोन बाजूंना फाकलेली असली, तर बहुधा डे-लिली. फूल पाहिलेलं असेल तर शंकाच उरत नाही. पानं नसलेला दांडा ठोंबातून सरळ वर येतो, टोकाला फांद्या फुटतात आणि त्यांवर कळ्या. एक फूल सकाळी उमलतं आणि रात्रीपर्यंत मिटतं. दुसऱ्या दिवशी दुसरी कळी. शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस, ग्रीकमध्ये 'हेमेरा' म्हणजे दिवस आणि 'कॅलोस' म्हणजे सौंदर्य. मूळची ही चीन, कोरिया, जपानकडची. आजच्या वर्गीकरणात ती आपल्या कोरफडीच्या कुळात बसते, हे कळलं तेव्हा मला गंमत वाटली होती. खऱ्या लिलीशी तिचं नातं फक्त नावापुरतं.

तीन शब्द पक्के करून घेऊ, पुढे ते सारखे येतील. पंख्यासारखा पानांचा एक जुडगा म्हणजे एक फुटवा (नर्सरीवाले 'फॅन' म्हणतात). पानं जिथे संपतात आणि मुळं जिथे सुरू होतात, ती पांढरट, घट्ट गाठ म्हणजे बुडखा. झाडाचा जीव त्यात असतो. असे बरेच फुटवे एकमेकांना चिकटून झालेला गठ्ठा म्हणजे ठोंब, केळीचा किंवा कर्दळीचा असतो तसाच.

बुडखा हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण दर वेळी कोणी ना कोणी विचारतंच, "पान लावलं तर येईल का? दांड्याचा तुकडा?" नाही येत. जास्वंदीसारखी फांदी खोचून हे झाड होत नाही. नुसतं मूळ लावूनही होत नाही. बुडख्याचा तुकडा हवाच.

कोणती जात घरी आणायची

डे-लिलीचे ढोबळ तीन स्वभाव आहेत. काही थंडीत पूर्ण झोपतात, म्हणजे पानं वाळून जमिनीखाली गुडूप होतात. काही बाराही महिने हिरव्या राहतात. काही मधल्या. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या हवेत सदाहरित आणि मधल्या जाती सुखाने राहतात. झोपणाऱ्या जातींना झोपण्याइतकी थंडी आपल्याकडे मिळत नाही. पहिल्या वर्षी फुलतात आणि मग खंगत जाऊ शकतात. म्हणून ऑनलाइन फोटो बघून, कोरड्या मुळांच्या पिशव्या मागवण्याआधी विक्रेत्याला 'एव्हरग्रीन आहे का' एवढं विचारा. माझा कल तर याहून सोपा आहे: आपल्याच गावात कोणाच्या तरी अंगणात दहा वर्षं फुलत असलेल्या झाडाचा फुटवा मागून आणा. त्याला आपली हवा आधीच मानवलेली असते.

जुनी नारिंगी डे-लिली मिळाली तर जरा जपून. ती जमिनीखालून धावरे सोडते आणि दोन वर्षांत गुलाबाच्या आळ्यात उगवलेली सापडते. तिला कुंडीतच ठेवावं, किंवा अशी जागा द्यावी जिथे ती पसरली तरी कोणाची तक्रार नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही नारिंगी रस्त्याकडेच्या चरांतून दिसते. दुकानांच्या पार्किंगभोवती लावलेली बुटकी पिवळी असेल तर बऱ्याचदा ती १९७५ ची 'स्टेला डी ओरो' ही जात. तुमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठत असेल तर झोपणाऱ्या जातीच उत्तम. फक्त खाली दिलेले महिने तुमच्यासाठी नाहीत. तुम्ही वसंतात कोंब वर येताना फोडा, किंवा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, म्हणजे जमीन गोठायच्या आधी मुळं धरायला निदान सहा आठवडे मिळतील.

फोडायची वेळ

ठोंब स्वतःच सांगतो. फुलं बारीक होतात, दांडे कमी होतात, मधला भाग पोकळ पडून कडेलाच पानं दिसतात, कुंडीत पाणी घातलं की आत न मुरता वरूनच वाहून जातं. जमिनीत साधारण चार-पाच वर्षांनी, कुंडीत तीन वर्षांनी ही वेळ येते. ठोंब धडधाकट फुलत असेल आणि कोणाला द्यायचाही नसेल, तर उगाच फोडू नका.

महिना निवडताना दोन गोष्टी टाळायच्या, कडक ऊन आणि संततधार. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरायला हवी. दमट उष्म्यात खपली धरण्याआधीच कूज शिरते. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या बाजूला मी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सगळ्यात बिनधास्त मानते. विदर्भातही तेच, फक्त फेब्रुवारीपर्यंत न लांबवता, म्हणजे उन्हाळा चढण्याआधी मुळं धरलेली असतील. कोकणात आणि गोव्यात पाऊस पूर्ण थांबू द्या, ऑक्टोबरचा घाम निघून जाऊ द्या, मग हात घाला. जूनच्या पहिल्या सरींवर सगळं लावायची आपली सवय असते, हळदीचं बेणं लावतो तसं. पठारावर, निचऱ्याच्या जमिनीत जूनमध्येही डे-लिली जगते. पण पहिल्यांदाच करताय तर तो धोका कशाला घ्या.

दांडा वर आलेला असेल तर थांबा. फुलं संपली, दांडे वाळले, की मग.

आदल्या दिवशीची तयारी

संध्याकाळी ठोंबाला भरपूर पाणी द्या. पाणी प्यालेली मुळं लवचिक राहतात, मोडत नाहीत आणि मातीही सुटी होते.

सामान घरातलंच पुरतं: खुरपं, जमिनीतला ठोंब असेल तर फावडं किंवा बागेचा काटा, जुनी जाडसर सुरी (ब्रेड कापायची दातेरी सुरी फार छान चालते, पण मग ती स्वयंपाकघरात परत नेऊ नका), बादली, पाण्याचा पाइप, जुनी वर्तमानपत्रं. सुरी पुसायला सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर. एका ठोंबावरून दुसऱ्याकडे जाताना सुरी पुसायची, एवढा एक नियम पाळा. एका झाडाची कूज दुसऱ्याला बहुतेक वेळा आपल्याच हाताने लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी पानं कापा. वीतभराहून थोडी कमी, म्हणजे पंधरा सेंटिमीटरपर्यंत ठेवा. हिरवीगार पानं कापताना जीव कळवळतो. पण मुळं तुटल्यावर झाडाला पाणी ओढता येत नाही आणि लांब पानं मात्र वाफ सोडतच राहतात. पानं तशीच ठेवली की झाड आठवडाभर लोळतं आणि शेवटी ती पिवळीच पडतात. जुन्या बागकामात पानं उलट्या 'व्ही'च्या आकारात कापतात, मधलं कोवळं पान जरा लांब राहील अशी. दिसायला बरं दिसतं. सरळ कापली तरी काही अडत नाही.

ठोंब बाहेर काढणं

कुंडीतला असेल तर कुंडी आडवी करून जमिनीवर लोळवा, चारी बाजूंनी थोपटा आणि बुंधा धरून हळूच ओढा. निघत नसेल तर कुंडीच्या कडेने आतून जुनी सुरी फिरवा. माझी कुंडी आधीच चिरलेली होती, ती कात्रीने कापूनच काढली. मातीची आवडती कुंडी आणि गच्च भरलेली मुळं, यातलं एक निवडायची वेळ आली तर मी कुंडी वाचवते. मुळं परत येतात.

जमिनीतल्या ठोंबाला बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून गोलाकार खणत जा. एका बाजूने सगळा जोर लावू नका, चारी बाजूंनी थोडं थोडं उचला. काळ्या मातीत ढेकळं मुळांना घट्ट धरतात. तसाच उचलून पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा.

मग पाइपाच्या धारेने माती धुऊन काढा. हे अगदी नीट करा, इथे घाई करणारे पुढे अडतात. माती गेली की ठोंबाची रचना दिसते. कोणता फुटवा कोणाला चिकटलाय, कुठे नैसर्गिक फट आहे, कुठला भाग तपकिरी होऊन मेलाय. पहिल्यांदा बघाल तेव्हा आल्याच्या पंज्याची आठवण येईल. मुळांवर अधूनमधून बोराएवढे, लांबट फुगीर भाग दिसतील. ती गाठींची कीड नव्हे. झाड तिथे पाणी आणि अन्न साठवतं. मी पहिल्या वेळी रोग समजून त्यातले मूठभर कापून टाकले होते.

फोडणं

आधी हात. दोन्ही हातांत एकेक भाग धरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवत राहा, नारळाची शेंडी सोलताना हलवतो तसं. सैल ठोंब टप्प्याटप्प्याने आपोआप सुटतात, मुळं एकमेकांतून उलगडत जातात. अडलेली मुळं ओढून तोडण्यापेक्षा पाण्यात हलवून मोकळी करा.

जुना ठोंब हाताने सुटत नाही, तिथे सुरी. सुरी वरून, दोन फुटव्यांच्या मधोमध ठेवा आणि बुडख्यातून सरळ खाली दाबा. प्रत्येक तुकड्याला वर पानं, मध्ये बुडखा आणि खाली मुळं, तिन्ही आली पाहिजेत. पानं आहेत पण बुडखाच निसटला, असा तुकडा खतात टाका, त्याच्यामागे वेळ घालवू नका. उलट पानं तुटली, पण बुडखा आणि दोन-चार मुळं धड आहेत, तर तो लावा. बऱ्याचदा महिन्याभरात त्यातून टोक वर येतं.

किती तुकडे करायचे? माझं मत स्पष्ट आहे: एका तुकड्यात दोन ते तीन फुटवे ठेवा. एकेकटा फुटवाही जगतो, पण फुलायला वर्ष, कधी दोन वर्षं घेतो. अकरा तुकडे केले त्या वेळी मला मैत्रिणींना वाटायची हौस होती, म्हणून मी सगळे एकेकटे केले. पुढचा सगळा उन्हाळा कोणाच्याही घरी एक फूल नाही, आणि प्रत्येकीचा फोन, "अगं, तू दिलेलं झाड फुलतच नाही!" एक मोठा तुकडा, चार-पाच फुटव्यांचा, स्वतःसाठी न फोडता ठेवावा, म्हणजे एक वर्षही कोरडं जात नाही.

तुकडे झाले की साफसफाई. पोकळ, चिपाडासारखी झालेली मुळं काढा. दाबल्यावर पिचणारा, वास येणारा भाग पांढरा, टणक गाभा लागेपर्यंत कापत जा. फार लांब मुळं वीतभर ठेवून बाकीची छाटली तरी चालतात, लावताना ती दुमडून कोंबण्यापेक्षा हे बरं.

मग वर्तमानपत्रावर, सावलीत, हवेशीर जागी तुकडे पसरून ठेवा. निदान चार-पाच तास, बुडखा मोठा कापला गेला असेल तर रात्रभर. कापलेल्या जागेवर बुरशीनाशकाची पूड लावतात, घरात हळद लावतात. लावा हवं तर, बिघडत काही नाही. पण खरं काम सुकण्याचं आहे. ओल्या जखमेवर हळद थापून लगेच मातीत लावलेला तुकडा कुजतो आणि काहीही न लावता सुकवलेला तगतो, हे मी दोन्ही करून पाहिलंय. मुळं थोडी सुरकुतली तरी घाबरू नका. त्यांनी पाणी साठवून ठेवलेलं असतं.

लावणं: जपून करायचा भाग इथून

माती आधी. डे-लिलीला खूप सुपीक माती लागत नाही, निचऱ्याची लागते. कुंडीसाठी मी निम्मी बागेची माती, पाव भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि पाव भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे घेते. कोकोपीट घालायचं तर मूठ-दोन मूठ, कारण ते पाणी धरून ठेवतं आणि नेमकं तेच नको आहे. मूठभर निंबोळी पेंड चालेल. ताजं शेण किंवा अर्धवट कुजलेलं स्वयंपाकघरातलं खत अजिबात नको. जमीन काळी, चिकण असेल तर खड्डा न करता चार-सहा इंच उंच वाफा करून त्यावर लावा. काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात बादलीसारखा पाणी धरतो.

दोन-तीन फुटव्यांना दहा ते बारा इंची कुंडी. भोक मोकळं आहे ना, ते बघा. जमिनीत दोन ठोंबांत दीड फूट अंतर, आता ओकंबोकं दिसेल, तीन वर्षांत भरेल. जागा अशी निवडा की दिवसात पाच-सहा तास ऊन येईल. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी थोडी सावली मिळाली तर गडद लाल, जांभळ्या फुलांना बरंच. त्यांचा रंग भर उन्हात विरतो आणि पाकळ्या मऊ पडतात.

खड्ड्यात किंवा कुंडीत मधोमध मातीचा छोटा उंचवटा करा, शंकराच्या पिंडीसारखा. त्यावर बुडखा ठेवा, मुळं चारी बाजूंना उतरती सोडा आणि वरून माती लोटा. आता खोली. बुडख्यावर माती जास्तीत जास्त एक इंच. टेप लागत नाही, झाडावरच खूण असते: पानांच्या बुडाशी पांढरा भाग संपून हिरवा सुरू होतो ती रेघ. आधी माती तिथपर्यंत होती, आताही तिथपर्यंतच हवी. माझे तीन तुकडे गेले ते याच पायरीवर. उंच फुटवे कलत होते, म्हणून आधाराला मी आणखी दोन-तीन इंच माती चढवली आणि वर रोज पाणी घातलं. तीन आठवड्यांनी पान ओढलं तर अलगद हातात आलं, बुडाशी शेवाळी चिकट लगदा आणि असा वास की कुंडी गच्चीबाहेर ठेवावी लागली. फुटवा कलत असेल तर शेजारी काडी रोवून सैल बांधा. माती नका चढवू.

माती बोटांनी दाबून पोकळ्या घालवा आणि एकदा भरपूर पाणी द्या, खालच्या भोकातून निघेपर्यंत. माती बसली की बुडखा पुन्हा तपासा. पाणी घातल्यावर तो बरेचदा खाली सरकतो. सरकलाच तर हलकेच वर उचला.

आणि पाटी लावा. प्लास्टिकच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहिलेलं वर्षानुवर्षं टिकतं, मार्कर एका उन्हाळ्यात उडतो. माझ्याकडच्या चार कुंड्यांवर आज 'बहुतेक पीच' असं लिहिलेलं आहे, ते याच मार्करमुळे.

पहिले दोन महिने

पहिलं पाणी झालं की दुसऱ्याची घाई करू नका. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. हिवाळ्यात हे चार-पाच दिवसांनी येतं. कापलेली जुनी पानं टोकाकडून पिवळी पडत जातील. हे व्हायचंच, त्यावर औषध शोधू नका. बघायचं ते मधलं पान. मधून नवं, पोपटी टोक वर आलं की मुळांनी धरलं. माझ्याकडे हिवाळ्यात याला तीन आठवडे लागतात.

खत तोवर नको. नवीन पानं दोन-तीन आली की कुंडीला मूठभर गांडूळखत, मग फेब्रुवारीत एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. युरिया किंवा नत्राचं खत जास्त झालं की पानंच पानं होतात, दांडे येत नाहीत.

मधलंच पान पिवळं पडलं, हलकं ओढल्यावर सुटून आलं, तर थांबू नका. तुकडा उपसा, कुजलेलं सगळं खरवडून टणक भागापर्यंत या, दोन दिवस सावलीत सुकवा आणि जवळजवळ निव्वळ जाड वाळूत लावा. दोनातला एक वाचला तरी फायद्यात.

दांड्यावरची पिल्लं

काही जातींत फुलं संपल्यावर दांड्याच्या मध्यावर, एखाद्या पेरापाशी, छोटा पानांचा झुबका फुटतो. पुष्कळ जण वाळलेल्या दांड्याबरोबर तो कापून टाकतात. हे फुकटातलं रोप आहे, आईसारखंच हुबेहूब. दांडा हिरवा असेपर्यंत त्याला वाढू द्या. बुडाशी मुळांचे बारीक फोड दिसले की पिल्लाच्या वर-खाली इंचभर दांडा ठेवून कापा आणि तो दांड्याचा तुकडा मातीत जाईल असं छोट्या कुंडीत लावा. सावलीत ठेवा, माती दमट ठेवा. याला बुडख्याची जखम नसल्यामुळे थोडी ओल चालते. मुळांचे फोड दिसत नसतील तर पिल्लाच्या बुडाला ओलं शेवाळ गुंडाळून, दांड्यावरच दोन आठवडे ठेवून बघा.

बियांबद्दल, थोडक्यात

ठोंब फोडून तीच जात मिळते. बियांतून काय निघेल ते सांगता येत नाही, आणि त्यातच मजा आहे. सकाळी ऊन चढण्याआधी एका फुलाचा परागकोश दुसऱ्याच्या लांब स्त्रीकेसराच्या टोकाला घासा. साधलं तर फुलामागे बोंड धरतं. ते साधारण दीड-दोन महिन्यांत वाळून तडकतं, आत काळ्या, चकचकीत मिऱ्यांसारख्या बिया. ओलसर टिश्यू पेपरात गुंडाळून फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे, मग मातीत अर्धा इंच खोल. फूल यायला दोन वर्षं धरून चला.

बोंड धरत नसेल तर दर वेळी दोष तुमचा नसतो. साध्या डे-लिलीत २२ गुणसूत्रं असतात, बऱ्याच नव्या मोठ्या फुलांच्या जातींत ४४, आणि या दोन गटांचं आपसात जमत नाही. जुन्या नारिंगीच्या सगळीकडे पसरलेल्या वाणात ३३ आहेत, त्यामुळे तिला बी जवळजवळ धरतच नाही. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधल्या आर्लो स्टाउट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या नारिंगीच्या वांझपणाचा अभ्यास केला आणि पुढे डे-लिलीच्या संकराचा पाया घातला. ही नारिंगी जगभर पसरली ती फक्त फुटव्यांनी, हाताहातांतून.

कुणाला देण्याआधी

पानं उलटी करून बघा. खालच्या बाजूला नारिंगी पूड बोटाला लागली तर तो तांबेरा. असा तुकडा देऊ नका, घेऊही नका. मावा कळ्यांच्या देठांवर दाटीवाटीने बसतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. पावसाळ्यात गोगलगाई रात्री कोवळी पानं खातात, टॉर्च घेऊन उचलून काढणं हाच उपाय मला जमला.

घेणाऱ्याच्या घरी मांजर आहे का, हे मात्र जरूर विचारा. डे-लिली मांजरांसाठी जीवघेणी विषारी आहे, पान चघळलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चीनमध्ये वाळवलेल्या कळ्या सूपात घालतात, म्हणून कोणी बागेतल्या कळ्या तोडून भाजी करू पाहील. त्यांना सांगा की नावात लिली असलेल्या बऱ्याच झाडांत विष असतं, ओळख पक्की नसताना तोंडात काही घालायचं नाही.

बाहेरगावी पाठवायचं तर मुळं धुऊन, दिवसभर सावलीत सुकवून, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायची. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. असं आठवडाभर आरामात राहतं. पोचल्यावर तासभर साध्या पाण्यात मुळं बुडवून मग लावायचं. कोल्हापूरच्या मावशीला मी मागच्या डिसेंबरात पीच रंगाचे तीन फुटवे एसटीने पाठवले. खोक्यावर तिचं नाव, खाली मोठ्या अक्षरात 'एक इंचापेक्षा खोल नको'. तिने तरी फोन केलाच, "अगं, पण इतकं वर ठेवलं तर पडेल की ते!"

"काडी बांध, मावशी," म्हटलं.